डोंगरावरचा उपवास

३ मार्च, मंगळवार

बारक्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच फेकून देशील, म्हणून वरचा पत्ता कारखान्यातल्या शेजारच्या मशीनवरच्या बाईकडून लिहून घेतला. तेव्हा फसला आहेस. आता वाच.

आई आजारी आहे. घाबरून जाण्यासारखं काही नाही. अशक्तपणा आहे, दवाखान्यात ठेवलंय. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. डॉक्टरीणबाई वयानं लहान आहेत पण नीट बोलतात. तू एकदा येऊन गेलास तर आईला बरं वाटेल, एवढंच म्हणणं आहे.

कशानं आजारी पडली असं विचारशील. मागच्या मंगळवारी आम्ही डोंगरावरच्या देवळात गेलो होतो. हो, त्याच देवळात. ओरड, ओरडून घे, मला इथे ऐकू येत नाही. तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात उभा राहून तू म्हणाला होतास, "तिला त्या डोंगरावर नेलंस तर मारून आणशील." त्यावर मी काय म्हणाले ते तू विसरला नसशीलच. "तू नसलास तरी आमचं काही अडत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग घेऊन गेलास.

आई एकाहत्तरची झाली. वीस वर्षं ती त्या देवळाचं नाव काढत होती. नात्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या जाऊन आल्या, काही तर दोनदा. गुडघे असे की आणखी एक वर्ष थांबलो असतो तर राहूनच गेलं असतं. आणि खरं सांगू? तू नको म्हणाला होतास ना, म्हणून मला जास्तच न्यायचं होतं.

दर्शन छान झालं. देऊळ सगळं संगमरवरी आहे, खांबाखांबावर कोरीव काम. तीर्थंकरांची मूर्ती पांढरी, डोळे स्फटिकाचे, कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच बघतेय असं वाटतं. आई बराच वेळ हात जोडून उभी होती.

तर ये. रजा मिळत नसेल तर मला कळव, मी तुमच्या दवाखान्यातल्या साहेबांना पत्र लिहीन.

ताई


९ मार्च, सोमवार

बारक्या,

पत्र चार दिवसांत पोचतं असं पोस्टातल्या माणसानं सांगितलं. म्हणजे पोचलंय.

मागच्या पत्रात मी थापा मारल्या. आम्ही वर पोचलोच नाही. मूर्तीचं जे लिहिलं ते पायथ्याच्या कार्यालयात टांगलेल्या फोटोवरून. आई कुठेही हात जोडून उभी नव्हती. आणि अशक्तपणा वगैरे काही नाही. तिची साखर खाली गेली. इतकी खाली गेली की डॉक्टरीणबाईंनी आकडा मला दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा मी विसरले. तेरा दिवस झाले, आई शुद्धीवर नाही. तू औषधांच्या खिडकीत बसतोस, याचा अर्थ तुला मी समजावून सांगायला नको.

आता कसं झालं ते लिहिते. शिव्या घालायच्या तर सगळं वाचून मग घाल.

आदल्या संध्याकाळी आम्ही धर्मशाळेत उतरलो. दोन खाटा, एक बादली, भिंतीवर नियमांची पाटी. आईनं सूर्य मावळायच्या आत थोडं खाऊन घेतलं, नेहमीसारखं. पहाटे पाचला उठून ती आंघोळ करून तयार. मी डोळे चोळतेय तोवर हिनं घडी मोडून नवे कपडेसुद्धा घातले होते. इतकी खूश मी तिला तू गेल्यापासून पाहिली नव्हती.

पायथ्याशी एक मोठा दिवाणखाना आहे, तिथे साध्वीजी बसतात. चढायच्या आधी लोक त्यांच्यापुढे हात जोडून त्या दिवसाचं पच्चक्खाण घेतात, आज हे खाणार नाही, ते पिणार नाही. आई घरी रोज घ्यायची तेच, आठवतंय ना? सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं पाण्याचा थेंबही नाही. आपण दोघं घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसायचो आणि तू मुद्दाम काटा मागे फिरवायचास. म्हणायचास, आई, अजून वीस मिनिटं. आणि ती बिचारी थांबायची.

मी चपला जमा करायच्या रांगेत होते. दारातून मला दिसलं, आई साध्वींपुढे हात जोडून उभी आहे. मला वाटलं, रोजचंच. ऊन तापायच्या आत अर्धा डोंगर तरी चढायचा होता. मी हिशेब केला की अठ्ठेचाळीस मिनिटं होतील तोवर आपण पहिल्या विसाव्यापाशी असू, तिथे डबा उघडू. म्हणून चपलांच्या खिडकीमागच्या बाकावर तिला बसवलं आणि इन्सुलिनची सुई दिली.

ताट पुढ्यात आल्याशिवाय सुई नाही. तुझ्या अक्षरातला तो कागद अजून फ्रिजवर आहे. रोज बघते. त्या दिवशी फ्रिज समोर नव्हता, असं समज.

आईनं बाही स्वतः वर केली. एक अक्षर बोलली नाही.

पहिल्या विसाव्याला मी डबा उघडला तर म्हणते, "माझा आज उपवास आहे गं." मी म्हटलं, कसला उपवास? तर पूर्ण दिवसाचा. निर्जळी. उद्या सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. साध्वींकडून घेतलं होतं ते हे. बारक्या, मी तिथे पायरीवर उभी राहून तिच्यावर अशी ओरडले की चढणारी माणसं थांबून बघायला लागली. "सुई टोचताना तोंड शिवलं होतं का तुझं?" ती हसली. म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू मला घेऊ दिलं असतंस का? देवाच्या दारात काय होतंय मला. चल, ऊन होईल." आणि काठी टेकत चढायला लागली.

आणखी तीनेकशे पायऱ्या ती चढली. मग तिला दरदरून घाम सुटला आणि ती पायरीवर बसली. डोलीवाल्यांनी खाली आणलं, तिथून गाडीनं दवाखान्यात. एवढंच झालं.

ये रे.

ताई


१४ मार्च, शनिवार

बारक्या,

परवापासून आई डोळे उघडते. उघडते म्हणजे छताकडे बघते. मी तोंड पुढे केलं तर माझ्यातून पलीकडे बघते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही सुधारणा समजू नका, तसं काही धरून बसू नका. ही बाई गोड बोलायला शिकलीच नाही.

गिळता येतंय तिला. डॉक्टरांनी तपासलंय. पण तोंडाजवळ चमचा नेला की दात घट्ट. अगदी घट्ट. नाकातून नळी घातली आहे, त्यातून पोटात जातं ते जातं. उजव्या हाताची मूठ वळलीये. व्यायाम करवणारा एक दांडगा माणूस रोज येऊन तिची बोटं एकेक करून सोडवतो, आणि तो दारापर्यंत पोचेस्तोवर मूठ पुन्हा बंद. मेंदूला मार बसला की असं होतं म्हणे. त्यांचं बरोबर असेल. पण मला माहीत आहे, आईचा उपवास अजून चालू आहे. तिच्या लेखी अजून तोच दिवस आहे. मी रोज सकाळी तिच्या कानाशी जाऊन सांगते, "आई, दुसरा दिवस उजाडला. सूर्य वर आला. पारणं कर, चमचाभर दूध घे." मी शप्पथ घालते. बाजूच्या खाटेवरच्या बाई तोंड फिरवून घेतात.

मागच्या पत्रात मी "एवढंच झालं" असं लिहिलं होतं. तेवढंच नव्हतं.

ती पायरीवर बसली तेव्हा शुद्धीवर होती. बडबडत होती, अर्धं कळत होतं, अर्धं नाही. माझ्या पिशवीत साखरेची पुडी होती. तूच शिकवलं होतंस, बाहेर पडताना साखर आधी, किल्ली नंतर. मी पुडी फोडली, साखर हातावर घेतली. आईनं दात आवळले आणि मानेनं नाही म्हणाली. एका हातानं जबडा धरून दुसऱ्या हातानं साखर गालात सारायची, एवढंच तर काम होतं. कारखान्यात मी जाड कापडाच्या शर्टांचे ताठ गळे दिवसाला दोनशे वळवते, माझ्या बोटांत ताकद नव्हती असं नाही.

पण माझा हात थांबला.

दुसऱ्याचं पच्चक्खाण मोडायचं नाही. लहानपणापासून डोक्यात बसलंय. मी, जी देवळात गेले तर बाहेर चपला सांभाळत बसते, जी आईच्या उपवासांची टिंगल करायची, त्या माझा हात थांबला. मी तिला विनवत बसले. "आई, तोंड उघड. आई, एकदाच." किती वेळ गेला कोण जाणे. पाच मिनिटं असतील, पंधरा असतील. मग तिचे डोळे वर गेले आणि मी घाबरून साखर कोंबली, तर ती ओठांवरून खाली सांडली.

डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही. साखर लगेच दिली, असं सांगितलं.

ताई


२७ मार्च, शुक्रवार

बारक्या,

तू वाचतोस की नाही देव जाणे. मी आपली लिहितेय.

काल त्या साध्वीजी दवाखान्यात आल्या होत्या. पायथ्याच्या कार्यालयातून त्यांना कळलं. त्या दुसऱ्या गावी निघाल्या होत्या, चालतच, वाट वाकडी करून आल्या. बरोबर आणखी एक होत्या. खालच्या पहारेकऱ्यानं पास मागितला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे काहीच नसतं बाबा. तो गडबडून बाजूला झाला. लिफ्टमध्ये न बसता जिन्यानं वर आल्या, अनवाणी, टाचांना भेगा पडलेल्या. माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असतील. आईच्या खाटेपाशी उभ्या राहून त्यांनी नवकार मंत्र म्हटला. आईनं छतावरची नजर काढली नाही.

मग मला व्हरांड्यात म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं होतं. तब्येत कशी आहे, औषध चालू आहे का. त्या म्हणाल्या, मुलगी बरोबर आहे, ती सगळं बघते. मी आणखी विचारायला हवं होतं. माझं चुकलं." एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मला सुचेना कुठे बघू.

मी त्यांना साखरेचं सांगितलं. पहिल्यांदा कुणापुढे तरी तोंडानं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, पच्चक्खाणाच्या पाठातच सूट असते. दुखणं आलं, जिवाची तगमग झाली, तर औषध घेता येतं, व्रत मोडत नाही. जे शब्द म्हणून आपण व्रत घेतो त्यांतच आहे ते. तुम्ही साखर घातली असतीत तर काहीच मोडलं नसतं.

आई साठ वर्षं ते म्हणत आली. मी साठ वर्षं नाही, पण चाळीस तरी ऐकत आले. दोघींनी कधी अर्थ विचारला नाही.

जाताना मी त्यांना विचारलं, आईनं एवढा कडक उपवास कशासाठी घेतला? त्यांना सांगायचं नव्हतं. मी वाट अडवून उभी राहिले तेव्हा बोलल्या. आई त्यांना म्हणाली होती, मुलगा परत यावा म्हणून घेतेय. साध्वींनी तिला समजावलं की असं काही मागून उपवास करायचा नसतो. तर आई म्हणाली, "बरं, मग मागत नाही. नुसता द्या."

आता तुला आणखी एक सांगते, आणि मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरणार नाही. तू गेल्यावर पहिल्या वर्षी दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा मी म्हटलं, आई झोपलीये, उठली की सांगते. ती झोपली नव्हती. एकदा ती समोर बसून माझ्याच फाटक्या बाहीला टाके घालत होती. "कोण गं?" म्हणाली. मी म्हटलं, कारखान्यातून. मला वाटायचं, थोडा तरसू दे तुला. मग तुझा फोन यायचा बंद झाला, आणि मी नंतर लावला तर तू उचलेनास. आईला वाटलं, तू तिला विसरलास. ती तुझी आठवण माझ्यासमोर काढायची नाही, माझा चेहरा बिघडतो म्हणून.

म्हणजे मी तुला तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही, म्हणून तिनं तुझ्यासाठी उपवास धरला, आणि उपवासावर मी तिला सुई टोचली. हे मी जिना उतरताना एकदा मनात नीट मांडून पाहिलं आणि पायरीवर बसून राहिले. झाडूवाली म्हणाली, बाई, उठा, पुसायचंय.

माफ कर असं लिहीत नाही. ये. माझ्याशी बोलू नकोस, मी बाहेर बाकावर बसेन. तिला एकदा तुझा आवाज ऐकू दे.

ताई


१२ एप्रिल, रविवार

बारक्या,

मागच्या आठवड्यात मला सर्दी झाली. नाकावर फडकं बांधून आईपाशी बसत होते. शनिवारी सकाळी घसा पार बसला होता. सवयीनं चमचा पुढे करून म्हटलं, आई, दूध घे. आवाज असा घोगरा निघाला की मलाच ओळखू येईना. आईनं छतावरून नजर काढली. माझ्याकडे वळवली. एकोणचाळीस दिवसांत पहिल्यांदा ती कुणाकडे तरी बघत होती.

"बारक्या?" म्हणाली.

मी काय करायला हवं होतं ते तू सांग. मी म्हटलं, हो.

"आलास?"

"आलो."

"मग झालं," म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं. पाच चमचे दूध प्यायली. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते मी पुसलं. खूप रडले, पण फडक्याच्या आत, तिला काही दिसलं नाही.

आज आठ दिवस झाले. सर्दी गेली, तरी मी फडकं सोडलेलं नाही. घसा बसलेला राहावा म्हणून जिन्यात जाऊन मोठमोठ्यानं खाकरते, लोकांना वाटतं बाईला दमा आहे. तुझा तो करडा स्वेटर पेटीच्या तळाशी होता, तो घालून जाते. कोपरावर कसर लागली होती, रफू केलं. तिच्या डाव्या हाताला त्याची लोकर लागली की ती चाचपत बसते. एकदा विसरून मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले, तर लगेच दात आवळले गेले. दुपारपर्यंत काही घेतलं नाही. नळी काढली आहे, त्यामुळे आता जे पोटात जाईल ते तोंडातूनच.

डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं की छातीत पाणी भरतंय, दोन आठवडे, फार तर तीन. तोंडानं खातेय याचा तेवढा आनंद माना, म्हणाल्या. मी मान डोलावली.

म्हणून हे पत्र. आजवर चार पत्रांत ये, ये म्हणून तुझ्या नाकी नऊ आणले. आता येऊ नकोस. निघाला असशील तर वाटेतून परत फीर. तू दारात उभा राहिलास तर मला पुन्हा ताई व्हावं लागेल, आणि ती दोघांना एकदम बघेल, आणि हा कोण नि ती कोण याचा तिच्या डोक्यात गोंधळ उडून तोंड पुन्हा बंद होईल. ते मला बघवणार नाही. तुझी आई मी तुझ्यापासून दोनदा हिरावून घेतली, असं तू म्हणशील. म्हण.

एक गोष्ट मात्र तुला कळायला हवी. ती तुझ्याशी बोलते. तुला विचारते, जेवलास का, तिकडे थंडी आहे का, केस का वाढवलेस. आठ दिवसांत तिनं माझं नाव काढलं नव्हतं. मी वाट बघत होते. स्वतःबद्दल स्वतः कसं विचारणार? वाटायचं, रागावली असेल. वाटायचं, मी तिच्या डोक्यातून पुसली गेले, तेही बरंच झालं.

आज सकाळी तिसऱ्या चमच्याला ती थांबली. इकडेतिकडे बघितलं.

"ताई कुठेय?"

माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "ती डोंगरावरच आहे अजून."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

"एकटीच?"

"हो."

"तिला ओरडू नकोस हं," म्हणाली. "खाली आली की आधी जेवायला वाढ. सकाळपासून तिनंही काही खाल्लं नाहीये."

मी हो म्हटलं. मग चौथा चमचा तिच्या तोंडाशी नेला.

ताई